घाटातल्या रश्श्याची सर

रस्त्यावरचं आपल्याला कळत नाही असं जगात काही नाही, असं उस्तादांचं स्वतःबद्दल स्पष्ट मत होतं. उभा जन्म लांब पल्ल्याची बस हाकण्यात गेला होता. कुठे चहा प्यावा, कुठे नुसतं तोंड धुवावं आणि कुठे काचा वर करून मुकाट पुढे निघावं, हे त्यांना तोंडपाठ. नातेवाईक प्रवासाला निघाले की बॅगा भरायच्या आधी उस्तादांना फोन लावत. "वाटेत जेवायचं कुठे?" एवढं विचारायचा अवकाश, उस्ताद हातातलं काम टाकून, पाय लांब करून, खुलासेवार सांगायला बसत. सांगणं कुठूनही सुरू झालं तरी एकाच ठिकाणी येऊन थांबायचं. घाट चढून वर गेलं की डाव्या हाताला पत्र्याच्या छपराचं हॉटेल, पुढे मोठं पटांगण, आणि तिथला मटणाचा रस्सा. "बाकी ठिकाणी पोट भरतं. जेवण म्हणाल तर तिथलं."

हे सांगताना त्यांचे डोळे अर्धे मिटत. त्याच वेळी आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज वाढे.

आत उस्तादांची बायको असायची. डेपोतले सगळे तिला वहिनी म्हणत, अगदी वयाने मोठा असलेला डेपो मॅनेजरसुद्धा, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. वहिनींच्या हाताला चव होती. त्यांनी कढईत कांदा टाकला की वरच्या मजल्यावरचे भाडेकरू काहीतरी निमित्त काढून खाली यायचे, कधी कात्री मागायला, कधी उगाच वर्तमानपत्र परत द्यायला. पण दर रविवारी उस्ताद पहिला घास घ्यायचे, चावायचे, छताकडे बघायचे आणि म्हणायचे, "छान झालंय. पण घाटातल्या रश्श्याची सर नाही."

त्यांच्या मनात वाईट काही नसायचं. कुणी जेवताना ढेकर देतं, तसे हे ते वाक्य देत. वहिनींनी आधी मसाला बदलला, मग खाटीक बदलला, मग माहेरून जाड बुडाचं पातेलं आणलं. वाक्य काही बदललं नाही. शेवटी नवरा बदलणं तेवढं उरलं होतं, ते त्या काळी शक्य नव्हतं. मग त्यांनी मनाशी धरलं की आपल्याला स्वयंपाक येत नाही. घरच्यांना खायला लागतं म्हणून आपण करतो, आणि लोक चांगले आहेत म्हणून छान म्हणतात.

ही गोष्ट घरात कुणालाच कधी मोठी वाटली नसती. पण लेकीने आणि जावयाने मिळून सायकलींच्या एका कारखान्याचं कँटीन घेतलं आणि लेक आईसमोर येऊन उभी राहिली. "आई, तुम्ही दोघं तिकडेच आमच्याकडे राहायला या. स्वयंपाकघर तू बघायचंस. हाताखाली माणसं देते. तू नुसतं हात लाव, चव बघ, ओरड." कारखान्याच्या मॅनेजरला लवकरच सांगायचं होतं की आचारी कोण. वहिनी नसतील तर लेक बाहेरचा आचारी आणणार, आणि तसं झालं तर वहिनी पुन्हा आपल्या दोन खोल्यांत, रविवारचं ते वाक्य ऐकत. त्यांना जायचं होतं. त्यांनी गुपचूप ढवळायच्या मोठ्या डावाची मूठ हातात धरून बघितली होती. पण विचारलं की म्हणायच्या, "मला नाही जमायचं गं. एवढ्या लोकांचं तोंड. ह्यांना विचार, हे सांगतील माझ्या हाताचं."

असं करत करत निघायचा दिवस आला, आणि मॅनेजरला उत्तर द्यायला एकच दिवस उरला. कँटीन निदान बघून तरी ये, म्हणून लेक गाडी घेऊन न्यायला आली. गाडीत तिचे सासरे, म्हणजे उस्तादांचे व्याही, आधीच पुढच्या सीटवर बसलेले होते. जावई तिकडे शेगड्या बसवून घेण्यात गुंतला होता.

व्याह्यांचं औषधांचं दुकान होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोटाच्या तक्रारी ऐकून त्यांचा माणसांपेक्षा आतड्यांवर विश्वास जास्त. खिशात गोळ्यांची डबी आणि हातात फोन. फोनवर कुठल्या हॉटेलला लोकांनी किती चांदण्या दिल्या ते बघितल्याशिवाय ते पाणीही पीत नसत. त्यांची आणि उस्तादांची मैत्री होती, म्हणजे एकमेकांचा अपमान केल्याशिवाय दोघांनाही करमत नसे.

लेकीने गाडी काढली. मागच्या सीटवरून उस्तादांनी प्रत्येक वळणाला आपला उजवा पाय पायपुसण्यावर दाबायला सुरुवात केली.

"बाबा, तिथे ब्रेक नाहीये."

"माहीत आहे. सवय आहे."

"सवय असू द्या हो," व्याही म्हणाले. "दोन ब्रेक असलेले काय वाईट?"

सकाळची न्याहारी व्याह्यांच्या पसंतीने झाली. भरपूर चांदण्यांचं हॉटेल होतं. भिंतीवर हिरवी पानं, ती प्लास्टिकची. अंडी बशीत न देता लाकडाच्या फळीवर दिली होती. फळीला काठ नसतो, त्यामुळे पिवळा बलक वाहत जाऊन व्याह्यांच्या पँटवर उतरला.

"यालाच म्हणतात चांदण्या पडणं," उस्ताद गंभीरपणे म्हणाले आणि दुसरा पाव मागितला. दुपारी कुठे जेवायचं हे कोण सांगणार ते आता ठरून गेलं होतं.

हात धुवायच्या जागी लेकीने बापाला गाठलं.

"बाबा, एक काम करा. आज घाटातल्या त्या हॉटेलचं नाव काढू नका. आपण खालूनच दुसरीकडे जेवून पुढे जाऊ."

"का? चांगलं जेवण मिळतंय तर..."

"तेच तर. तिथला रस्सा आईने खाल्ला आणि तुम्ही पुन्हा तुमचं ते वाक्य बोललात, की ती उद्या नाही म्हणणार. तुम्हाला खरंच कळत नाही का हो? ती तुमच्या त्या एका वाक्याला घाबरून बसलीय."

उस्तादांना खरंच कळलं नव्हतं. ते साबणाचा फेस हातावर तसाच ठेवून उभे राहिले. आपण काही बोलतो आणि बायको ते धरून बसते, ही शक्यता त्यांनी संसारात कधी गृहीत धरली नव्हती. "मी काय वाईट म्हणतो का? छानच म्हणतो की आधी."

"आधी," लेक म्हणाली आणि निघून गेली.

उस्तादांनी कानाला खडा लावला. आज तोंडातून ब्र काढायचा नाही. घाट सुरू झाला, वळणं सुरू झाली, आणि ते खिडकीबाहेर बघत जिभेला चाप लावून बसले. त्यांना वाटलं, एखाद्या साध्या ठिकाणी जेवून घेऊ, प्रश्नच मिटला.

पण विषय वहिनींनीच काढला. सकाळपासून त्या जेमतेम बोलल्या होत्या. "तुमचं ते हॉटेल याच वाटेवर आहे ना?"

"आहे, म्हणजे, होतं. आता कुणास ठाऊक."

"तिथेच थांबायचं," वहिनी म्हणाल्या. "मला तो रस्सा खायचाय. इतकी वर्षं नुसता ऐकला. तो जर खरंच तसा असेल, तर माझं उत्तर नाही. उगाच कारखान्याच्या माणसांना कशाला शिक्षा? आणि नसेल तसा, तर बघू."

लेकीने आरशातून बापाकडे असं बघितलं की उस्तादांचा पाय आपोआप पायपुसण्यावर दाबला गेला.

व्याह्यांना पेच कळला होता. त्यांनी फोन काढला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, "घाटमाथ्यावरचं, पत्र्याचं छप्पर, हेच ना? दीड चांदणी. ऐका. 'एक चांदणी देतोय कारण शून्य द्यायची सोय नाही.' दुसरा म्हणतो, 'घाटातली वळणं गाडीत लागली नाहीत, ती या जेवणानंतर पोटात लागली.' हा तिसरा, 'इथला संडास इथल्या जेवणापेक्षा स्वच्छ आहे, आणि संडासाबद्दल मी न बोललेलंच बरं.'"

"जळतात लोक," उस्तादांच्या तोंडून निघून गेलंच. कानाचा खडा कुठल्या कुठे पडला. "इतकी माणसं मी तिथे उतरवली. एकाने तरी माझ्याकडे कधी तक्रार केली? एकाने?"

"बाबा," लेक म्हणाली, "तुमच्या डोक्यावर पाटी होती. 'चालकाशी बोलू नये.'"

"मग? शिस्त होती गाडीत."

व्याह्यांनी गोळ्यांच्या डबीचं झाकण उघडलं आणि जेवणाआधीची एक गोळी जिभेवर ठेवली.

हॉटेल होतं तिथेच होतं. तेच पत्रे, तेच पटांगण, तेच डांबरावर सांडलेलं तेल. इथे बस लावली की इंजिन बंद व्हायच्या आत आतून हाक यायची, आणि उस्ताद टोपी काखेत मारून मागच्या दाराने आत शिरायचे. ड्रायव्हर-कंडक्टरांची खोली मागे होती. गाडी थांबवणाऱ्याला जेवू घालायचं ही सगळ्याच थांब्यांवरची रीत. तिथे खिडकी होती, पंखा होता आणि पहिली वाटी संपायच्या आत दुसरी यायची. पुढच्या हॉलमध्ये उस्ताद कधी गेले नव्हते. जायचं कारणच काय?

आज सगळे पुढच्या दाराने आत गेले. गल्ल्यावर मालक बसला होता, तोच, केस पिकलेला. उस्ताद त्याच्याकडे बघून मोकळेपणी हसले. मालकाने त्यांच्या साध्या शर्टाकडे एकदा बघितलं, खाकी दिसली नाही, आणि म्हणाला, "आत जागा आहे. हात तिकडे धुवा." उस्तादांचं हसू चेहऱ्यावर जरा वेळ तसंच राहिलं. मग त्यांनी ते आवरलं.

टेबल ओलं होतं. वेटरने ते पुसल्यावर जास्त ओलं झालं. उस्तादांनी ऐटीत चार रस्सा, पाव आणि भात सांगितला. सांगताना त्यांच्या मनात दोन माणसं भांडत होती. रस्सा चांगला निघू दे, म्हणजे व्याह्याची चांदण्यांची दुकानदारी बंद होईल, असं एक म्हणत होता. दुसरा वहिनींकडे बघत होता. वहिनी हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारख्या ताठ बसल्या होत्या. खरं सांगायचं तर पहिल्याचा आवाज मोठा होता.

रस्सा आला. वर लाल तेल, खाली पाणी, आणि दोघांचं आपसात काही बोलणं नव्हतं. वहिनींनी चमचा बुडवला. त्यांच्या आधी उस्तादांनी घाईने आपला चमचा तोंडात घातला.

त्यांना वाटलं आपली काहीतरी चूक झाली, म्हणून त्यांनी दुसरा चमचा घेतला. तीच चूक पुन्हा झाली. खारट पाणी, कच्चा मसाला, आणि मटणाचा तुकडा असा की दातांनी रेटा लावला की तो उलट रेटा लावत होता. आजूबाजूच्या टेबलांवर माणसं मान खाली घालून, सक्तीने औषध घ्यावं तसं जेवत होती. उस्तादांना तहान लागली. आचारी बदलला असणार. नक्कीच. किंवा मेला असणार.

"वा," व्याही म्हणाले, आणि त्या एका अक्षरात त्यांनी मागच्या सगळ्या वर्षांचा हिशेब चुकता केला. लेक तोंड बाजूला करून खोकत होती. वहिनींनी मात्र चमच्याने एक तुकडा उलटा करून बघितला. त्या रश्श्याकडे बघत होत्या.

"हात धुवून येतो," उस्ताद म्हणाले. हात न भरताच ते उठले.

हात धुवायच्या जागेमागे एक बोळ होता, आणि बोळाच्या टोकाला मळका पडदा. तो पडदा उस्तादांनी झोपेतही ओळखला असता. पडद्याजवळ पोहोचायच्या आधीच वास आला. तोच वास.

आत दोन खाकी माणसं जेवत होती, आणि चुलीपाशी तोच आचारी उभा होता, जिवंत, नुसता थोडा वाकलेला.

"उस्ताद!" आचारी ओरडला. मग त्याचा चेहरा बदलला. "थांबा. तुम्ही पुढून आलात? पुढे बसला होतात?"

"बसलो होतो."

"खाल्लंत?"

"खाल्लं."

"अरे देवा," आचारी म्हणाला. त्याने अंगावरच्या फडक्याने स्वतःचा घाम पुसला. "आधी कळवायचं नाही का?"

शेगडीवर दोन पातेली होती. एक मोठं, डबक्यासारखं. दुसरं लहान, जाड बुडाचं, झाकण हलत असलेलं. उस्ताद एकातून दुसऱ्यात बघत राहिले. ज्याने डोळे मिटून सबंध घाटातून बस उतरवली असती, त्याच्या डोक्यात ही दोन पातेली शिरायला बराच वेळ लागला.

"पहिल्यापासून दोन आहेत?"

"नाहीतर काय? पुढचं आणि मागचं. अहो, पुढचा माणूस आयुष्यात एकदा येतो. पुन्हा तो इथे खायला थोडाच येणार! तुम्ही रोज गाडी आणता. गाडी तुम्ही थांबवता, पॅसेंजर थांबवत नाही. मग जीव कुणात ओतायचा?"

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुमच्या कंडक्टरला माहीत होतं की. तोच म्हणाला होता, उस्तादांना कळू देऊ नका, तत्त्वाचा माणूस आहे, उद्यापासून गाडी दुसरीकडे लावील आणि आपण सगळे उपाशी मरू."

आपल्या तत्त्वांचा असा उपयोग झालेला उस्तादांना पहिल्यांदाच कळला. किती माणसं आपण इथे उतरवली, आणि परत चढताना त्यांचे चेहरे कसे होते, ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. चेहरे आठवेनात. ते त्या वेळी दात कोरत, समोर बघत बसलेले असायचे. त्यांना लाज वाटली, चांगली कानशिलं तापेपर्यंत लाज वाटली. तेवढ्यात आचाऱ्याने पाव आणि वाटी पुढे केली, आणि माणसाचं तोंड मोठं नालायक असतं. पहिला घास आत गेला आणि डोळे आपोआप अर्धे मिटले. रस्सा तोच होता. तसाच. तसूभर कमी नाही. लाज वाटत असताना त्यांनी दुसरा पाव घेतला.

"वहिनी आल्यात ना?" आचाऱ्याने एक मोठी वाटी काठोकाठ भरली आणि वर बशी झाकली. "ही त्यांना न्या. म्हणावं, तुमचे यजमान खोटं बोलत नव्हते."

वाटी हातात घेऊन उस्ताद बोळात आले. सगळं त्यांच्या हातात होतं, अगदी गरम. ही वाटी टेबलावर ठेवायची की व्याह्याचं तोंड कायमचं बंद. जन्मभराचं म्हणणं खरं ठरलं असतं. उस्तादांना चव कळते, रस्ता कळतो, सगळं कळतं. ते झपाझप चालत हॉलच्या दारापर्यंत गेले आणि तिथे थबकले.

वहिनी बोलत होत्या. एरवी जेवायला बसलं की वाढण्यापलीकडे त्यांचा आवाज नसायचा, आणि आता लेक आणि व्याही कान देऊन ऐकत होते. "कांदा भाजलाच नाहीये. रंगासाठी वरून तेल सोडलंय, बघ. मसाला पाणी घातल्यावर टाकला, आधी टाकायला हवा होता. आणि मटण आधी नुसत्या मिठात आणि हळदीत शिजवून घ्यायचं, मग एवढं चिवट होत नाही. हे कितीही माणसांचं असो, जमतं. आच मोठी हवी, एवढंच. तुझ्या तिथे शेगड्या किती आहेत गं?" बोलता बोलता त्यांनी चमचा उचलून हवेत ढवळूनही दाखवलं, आणि ढवळताना हात चांगला खांद्यापासून फिरवला, मोठ्या पातेल्यात फिरवतात तसा.

उस्तादांनी बायकोला असं कधी बघितलं नव्हतं. म्हणजे ती अशी होती, पण ते छताकडे बघत असत. तिला हे सगळं येत होतं. आपण एका वाक्याने तिचा हात धरून ठेवला होता, आणि वर दर रविवारी तिच्याच हातचं दोनदा वाढून घेत होतो.

हातातली वाटी चटके देत होती. ही वाटी आत गेली की तो चमचा खाली ठेवला जाणार. वाटी परत न्यावी, तर आचारी वाईट वाटून घेणार. मोरीत ओतावी, तर तसं करायला हात धजेना. काही झालं तरी तो रस्सा होता. उस्तादांनी इकडे तिकडे बघितलं, भिंतीकडे तोंड केलं, आणि बोळात उभ्या उभ्या सगळी वाटी पिऊन टाकली.

मग ते टेबलाशी आले, खुर्ची ओढून बसले आणि समोरच्या खारट पाण्यात चमचा बुडवून म्हणाले, "हाच. हाच तो रस्सा. मी खात होतो तो."

"हा?" व्याह्यांनी चमचा खाली ठेवला. "याच्यासाठी? अहो, या पाण्यासाठी तुम्ही माझ्या घरी येऊन माझ्या बायकोच्या जेवणाला नावं ठेवलीत?"

"ठेवली."

"तुम्हाला जीभ आहे की घोड्याचा नाल?"

"नालच असेल," उस्ताद म्हणाले. "डिझेलच्या वासाने मेली असेल जीभ. मला चवीतलं काही कळत नाही. कधी कळलंच नव्हतं." हे शेवटचं त्यांनी वहिनींकडे बघून सांगितलं.

व्याही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. आता सगळ्या सोयऱ्यांत, प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ही गोष्ट सांगितली जाणार आणि वाटेत कुठे जेवायचं हे विचारायला यापुढे एकही फोन येणार नाही, हे उस्तादांना दिसत होतं. ते मान खाली घालून खात राहिले. एवढं वाईट जेवण एवढ्या निश्चयाने त्या हॉलमध्ये कुणी खाल्लं नसेल.

वहिनी हसल्या नाहीत. त्या उस्तादांच्या मिशीला लागलेल्या दाट रश्श्याकडे बघत होत्या.

बाहेर पटांगणात एक बस येऊन थांबली. खिडकीतून सगळं दिसत होतं. माणसं आंबलेले पाय झाडत उतरली आणि पुढच्या दाराकडे वळली. ड्रायव्हर सगळ्यांत शेवटी उतरला, त्याने टोपी काखेत मारली आणि मागच्या दाराकडे निघाला. तो मागच्या बाजूला दिसेनासा होईपर्यंत वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्या पुढे झुकल्या, उस्तादांच्या मिशीवरून एक बोट फिरवलं आणि ते बोट तोंडात घातलं.

उस्ताद श्वास रोखून बसले. वहिनींनी डोळे मिटले, पुरते मिटले.

"चला," वहिनी शेवटी म्हणाल्या. "उशीर होतोय. आणि तुझ्या त्या मॅनेजरला कळव, उद्यापासून मी आहे म्हणून."

गाडी घाट उतरायला लागली. पुढे लेक आणि व्याही शेगड्यांचं बोलत होते, म्हणजे लेक शेगड्यांचं आणि व्याही अजून रश्श्याचं. मग वहिनी हळू आवाजात, फक्त उस्तादांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "लवंग भाजून घेतो तो. मी कच्ची वाटते. एवढाच फरक आहे."

"कळलं तुला?"

"लवंगेएवढ्या गोष्टीसाठी तुम्ही मला जन्मभर ऐकवलंत."

उस्तादांनी तिचा हात धरला. गाडीत व्याही असताना असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. वहिनींनी हात काढून घेतला नाही, पण धरलाही नाही. तो तसाच राहू दिला.

थोड्या वेळाने वहिनींनी पुढच्या सीटकडे वाकून लेकीला विचारलं, "कँटीनला मागे वेगळी खोली आहे का गं? साहेबलोकांची वगैरे?"

"आहे एक. का?"

"तिथे कांदे-बटाटे भर. माझ्याकडे पातेलं एकच राहील. साहेबाला तेच आणि झाडूवाल्यालाही तेच." मग मागे टेकून त्या उस्तादांना म्हणाल्या, "आणि तुम्ही रोज जेवायला यायचं. पुढे, सगळ्या लोकांत बसायचं. बाजूचा नावं ठेवायला लागला तर ऐकून घ्यायचं, आणि मला येऊन सांगायचं."

"येईन," उस्ताद म्हणाले.

वळण आलं, आणि त्यांचा पाय पायपुसण्यावर दाबला गेला नाही.